चिनी माणसाच्या मोबाइलमधली तिथी

अलीकडे दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत एक बातमी हमखास येते. चीनमधल्या एखाद्या रेल्वे स्थानकाचा वरून काढलेला फोटो, त्यात मुंगी शिरायला जागा नाही अशी गर्दी, आणि खाली मथळा: ‘नववर्षासाठी चीनमध्ये ९०० कोटी प्रवास’. वाचणारा चक्रावतो. चीनची लोकसंख्या १४० कोटींच्या आसपास, मग हे ९०० कोटी आले कुठून? आणि जिथे भाजीवालीसुद्धा पैसे मोबाइलवर घेते, जिथे गाड्या ताशी ३५० किलोमीटरने धावतात, तिथली माणसं एका रात्रीच्या जेवणासाठी एवढा आटापिटा का करतात?

चीन म्हटलं की आपल्यासमोर दोनच चित्रं येतात. एक कारखान्यांचं आणि काचेच्या उंच इमारतींचं, दुसरं लाल कंदील आणि ड्रॅगनचं. या दोहोंच्या मधला साधा माणूस आपल्याला क्वचितच दिसतो. दिवसभर कारखान्यात सुटे भाग जोडणारा, पण आईचा वाढदिवस तिथीनेच लक्षात ठेवणारा. त्याला समजून घ्यायचं असेल तर त्याच्या पंचांगापासून सुरुवात करावी, असं मला वाटतं. मराठी वाचकाला तर ते फारच सोपं जाईल. का, ते पुढे येईलच.

आधी त्या ९०० कोटींचा हिशेब

चिनी नववर्षाच्या आधीचे १५ दिवस आणि नंतरचे २५, असे ४० दिवस सरकार वाहतुकीचं खास नियोजन करतं. या काळाला ‘छुन-युन’ म्हणतात, म्हणजे वसंतातली वाहतूक. या ४० दिवसांत कोण किती वेळा गावाबाहेर गेलं, ते मोजलं जातं. इथे माणसं मोजत नाहीत, फेऱ्या मोजतात. एकच माणूस आधी बसने, मग रेल्वेने गेला आणि तसाच परत आला, तर त्याच्या चार फेऱ्या होतात.

२०१९ मध्ये हा आकडा ३०० कोटींच्या जवळ होता. पुढे स्वतःच्या गाडीने महामार्गावरून जाणारेही त्यात धरायला सुरुवात झाली आणि आकडा एकदम फुगला. २०२५ मध्ये तो ९०० कोटींवर गेला. त्यातले साधारण ८० टक्के प्रवास मोटारीने झालेले होते, रेल्वेचा वाटा ५१ कोटींच्या घरात. म्हणजे चीन सहा वर्षांत तिप्पट उत्सवी झाला असं नव्हे, मोजायची पद्धत बदलली. तरीही ४० दिवसांत रेल्वेने ५१ कोटी प्रवास, हेच केवढं मोठं आहे.

एका तारखेखाली दुसरी तारीख

चीनमध्ये विकल्या जाणाऱ्या मोबाइलचं कॅलेंडर उघडलं की प्रत्येक इंग्रजी तारखेखाली बारीक अक्षरात आणखी एक तारीख दिसते. ही ‘नोंग-ली’, म्हणजे शब्दशः शेतीचं पंचांग. कचेरी, शाळा, बँक, विमानाचं तिकीट हे सगळं वरच्या तारखेवर चालतं. सण, पितरांचं स्मरण, लग्नाचा दिवस आणि म्हाताऱ्या माणसांचे वाढदिवस खालच्या तारखेवर. आपल्या घरच्या भिंतीवर टांगलेल्या दिनदर्शिकेतही हेच असतं. मोठ्या आकड्यात तारीख, कोपऱ्यात तिथी.

हे साम्य वरवरचं नाही. चिनी पंचांगही आपल्यासारखंच चंद्र आणि सूर्य दोघांना धरून चालतं. महिना चंद्राचा. बारा चांद्रमहिन्यांचे दिवस होतात सुमारे ३५४, आणि सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी अकरा दिवसांची तूट पडत जाते. ती भरली नाही तर काही वर्षांत दिवाळी भर उन्हाळ्यात येईल. म्हणून साधारण पावणेतीन वर्षांनी आपण एक अधिक महिना घालतो. चिनी लोकही घालतात.

कोणता महिना अधिक धरायचा, याचा नियमही जवळपास एकच. ज्या चांद्रमहिन्यात सूर्याची संक्रांत होत नाही, तो आपला अधिक मास. चिनी पंचांगात सूर्याच्या वाटेवर दर ३० अंशांनी एक अशा बारा खुणा असतात, आणि ज्या महिन्यात यातली एकही खूण पडत नाही तो अधिक ठरतो. फरक नावात आहे. आपल्याकडे अधिक श्रावण आधी येतो आणि निज श्रावण मागून. तिकडे आधी नेहमीचा सहावा महिना, मग अधिक सहावा. २०२५ मध्ये २५ जुलै ते २२ ऑगस्ट हा त्यांचा अधिक सहावा महिना होता.

महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तर भारतात पौर्णिमेला. या बाबतीत चिनी पंचांग आपल्या बाजूचं. त्यांचा महिना अमावास्येच्या दिवशी सुरू होतो आणि पंधराव्या दिवसाच्या आसपास पूर्ण चंद्र दिसतो. आठव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी त्यांचा चंद्राचा सण असतो. घरची सगळी मंडळी जमतात, सारण भरलेले गोल ‘मूनकेक’ वाटून खातात आणि चंद्र पाहतात. २०२५ मध्ये हा सण ६ ऑक्टोबरला आला, आणि आपली कोजागरीही त्याच रात्री होती. पुण्यात गच्चीवर दूध आटत होतं तेव्हा तिकडे लोक तोच चंद्र बघत बसले होते. दरवर्षी असं जुळत नाही. अधिक महिने वेगवेगळ्या वेळी येतात, त्यामुळे कधी त्यांचा सण आपल्या भाद्रपदी पौर्णिमेला पडतो.

सूर्याच्या बाजूने वर्षाचे २४ भाग केलेले आहेत, दर पंधरा दिवसांना एक. त्यांची नावं शेतकऱ्याच्या तोंडची वाटतात. मार्चच्या सुरुवातीला ‘किडे जागे होतात’, एप्रिलमध्ये ‘धान्याचा पाऊस’, ऑक्टोबरअखेर ‘गोठलेलं दहिवर उतरतं’. आपला शेतकरी मृग कधी निघतो ते बघतो, तेही सूर्याच्याच चालीवरून. म्हणून मृग दरवर्षी ७-८ जूनलाच येतो, तिथी कुठलीही असो. चीनचे हे २४ भाग २०१६ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेले. शहरातली बाई आज शेत करत नाही, पण हिवाळ्यातला सगळ्यात लहान दिवस आला की उत्तरेत घरोघरी सारण भरून उकडलेले डंपलिंग होतात आणि दक्षिणेत तांदळाच्या पिठाच्या गोळ्या.

हे पंचांग घालवायचा तीनदा प्रयत्न झाला

१ जानेवारी १९१२ ला चीनमध्ये प्रजासत्ताक आलं आणि हंगामी अध्यक्ष सुन यात्-सेन यांनी पहिल्याच दिवसापासून इंग्रजी कॅलेंडर अधिकृत केलं. जगाबरोबर चालायचं तर हे हवं, असा विचार होता. लोकांनी नवं कॅलेंडर घेतलं आणि जुनंही ठेवलं. १९१४ मध्ये सरकारने जुन्या नववर्षाला ‘वसंतोत्सव’ हे नाव दिलं. १ जानेवारी हेच खरं नववर्ष, हा तर वसंताचा एक सण, अशी ती वाटणी.

१९३० च्या सुमारास राष्ट्रवादी सरकारने आणखी कडक पाऊल उचललं आणि जुनं पंचांग बंद करायचं ठरवलं. जुन्या नववर्षाला दुकानं उघडी ठेवायला लावली, हिशेब नव्या वर्षअखेरीला मिटवा म्हणून सांगितलं. ते जमलं नाही, आणि याचं कारण फक्त श्रद्धेत शोधून सापडणार नाही. उधारी कधी फेडायची, गड्याचा पगार कधी चुकता करायचा, खंड कधी द्यायचा, हे सगळं जुन्या वर्षअखेरीला बांधलेलं होतं. आपल्याकडे दिवाळीला नव्या वह्या घालतात तसंच. तारीख हलवायची म्हणजे गावातल्या प्रत्येक दुकानाचा आणि घराचा हिशेब हलवायचा. काही वर्षांतच सरकारने हात आखडता घेतला.

तिसरा प्रयत्न सगळ्यात कठोर होता. १९६६ मध्ये माओंच्या सांस्कृतिक क्रांतीत ‘चार जुन्या गोष्टी’ मोडा अशी हाक दिली गेली: जुने विचार, जुनी संस्कृती, जुन्या रूढी, जुन्या सवयी. देवळं फुटली, पूर्वजांच्या नावाच्या पाट्या जाळल्या गेल्या. १९६७ मध्ये वसंतोत्सवाची सुट्टीच रद्द झाली. ती परत मिळायला १९८० च्या आसपासचा काळ उजाडला. एक पूर्ण पिढी या सणाची सुट्टी न पाहता वाढली, तरीही सण संपला नाही. सामुदायिक गोष्ट मोडता येते, पण बंद दाराआड पीठ मळायला कोण बंदी करणार?

आणि आता उलटं वारं आहे. २००८ पासून पितरांचा दिवस, ड्रॅगन बोटींचा सण आणि चंद्राचा सण, या तिन्हींना सार्वजनिक सुट्टी मिळाली. डिसेंबर २०२४ मध्ये वसंतोत्सव युनेस्कोच्या यादीत गेला. २०२५ पासून नववर्षाच्या आदल्या दिवसाचीही अधिकृत सुट्टी पुन्हा मिळू लागली. ज्याला एकदा मागासलेपणाची खूण म्हटलं, तेच आता देशाचा अभिमान ठरलं आहे.

घर एकीकडे, भाकरी दुसरीकडे

पंचांग टिकलं, हे झालं. पण माणसं दीड-दोन हजार किलोमीटर लांब का राहतात? इथे एक शब्द समजून घ्यावा लागतो: ‘हुकौ’.

१९५८ च्या कायद्याने प्रत्येक चिनी कुटुंबाची एका ठिकाणी नोंद झाली, आणि ती गावची की शहरची हेही ठरलं. आपल्या रेशनकार्डाची कल्पना करा, पण असं रेशनकार्ड की ज्याच्यावर मुलाची शाळा, दवाखान्याची सवलत, निवृत्तिवेतन आणि गावातल्या जमिनीचा हक्क, सगळंच अवलंबून आहे. तुम्ही ग्वांगचौच्या कारखान्यात वीस वर्षं राबलात तरी कागदोपत्री सिचुआनमधल्या आपल्या गावचेच. अलीकडे लहान शहरांत नियम बरेच सैल झाले आहेत, पण बीजिंग-शांघायसारख्या ठिकाणी नोंद मिळणं अजून अवघडच.

गावची नोंद आणि शेतीबाहेरची मजुरी असं दुहेरी आयुष्य जगणारे कामगार चीनमध्ये सुमारे ३० कोटी आहेत, त्यातले निम्म्याहून अधिक घरापासून लांब. त्यातल्या कित्येकांची मुलं गावी आजी-आजोबांकडे वाढतात. वर्षातून एकदा आई-बाप दिसतात, तेही याच दिवसांत.

गिरणगाव ज्यांनी पाहिलं त्यांना हे सांगायची गरज नाही. खोलीत आळीपाळीने झोपणारे दहा-बारा गडी, महिन्याला मनिऑर्डर, आणि गणपतीला काहीही करून कोकणात. साहेबाने रजा नाही दिली तर नोकरी सोडून जाणारेही होते. छुन-युन म्हणजे तेच, फक्त अख्ख्या देशाएवढं.

यातून एक गोष्ट निघते आणि ती मला महत्त्वाची वाटते. चिनी माणसाने परंपरा जपली ती केवळ भावनेने नव्हे. शहराने त्याला पुरतं आपलं म्हटलंच नाही, म्हणून गाव हाच त्याचा पत्ता राहिला. आणि मुलं आजीकडे वाढली, म्हणून मधली पिढी कारखान्यात असतानाही आजीच्या हातचं नातवाच्या हाती गेलं. सण टिकला हे खरं, पण त्याची किंमत त्या मुलांनी वर्षाचे अकरा महिने आईवाचून राहून मोजली आहे. परंपरेचं कौतुक करताना एवढं विसरू नये.

त्या रात्रीचं ताट

नववर्षाच्या आधी आठवडाभर घर झाडून काढतात. चुलीच्या देवाला निरोप द्यायचा दिवस येतो. हा देव वर्षभर स्वयंपाकघरात बसून सगळं ऐकतो आणि वर्षअखेरीला वर जाऊन घरातल्यांचा अहवाल देतो, अशी समजूत. म्हणून जायच्या आधी त्याच्या चित्रातल्या ओठांना चिकट गोड लावतात. गोड खा, गोड बोल. आपल्या संक्रांतीचा तिळगूळच जणू, फक्त देवाला दिलेला.

दाराच्या दोन्ही बाजूंना लाल कागदावर लिहिलेल्या ओळी डकवतात. आदल्या रात्री सगळ्यांनी एकत्र जेवायचं. ताटात मासा लागतोच, कारण ‘मासा’ आणि ‘शिल्लक’ या दोन्ही शब्दांचा उच्चार सारखा, ‘यू’. म्हणून पुष्कळ घरी तो मासा मुद्दाम थोडा उरवतात. वर्षाअखेर काहीतरी शिल्लक राहावं. उत्तरेत सगळे एका टेबलाभोवती बसून डंपलिंग वळतात. कुणी पारी लाटतं, कुणी सारण भरतं, कुणी कडा मुडपतं. आपल्याकडे मोदक वळताना कळ्या कुणाच्या चांगल्या येतात यावरून चिडवाचिडवी चालते, तेच तिथे. डंपलिंगचा आकार जुन्या काळच्या चांदीच्या लगडीसारखा, आणि एखाद्यात स्वच्छ धुतलेलं नाणं लपवतात. ज्याच्या दाताखाली येईल त्याचं वर्ष भाग्याचं.

पहिल्या दिवशी केर काढत नाहीत, घरची लक्ष्मी झाडली जाईल म्हणून. दुसऱ्या दिवशी लग्न झालेली मुलगी नवऱ्याला घेऊन माहेरी जाते.

मुलांना लाल पाकिटात पैसे देतात. २०१४ मध्ये वीचॅट या ॲपवर हेच पाकीट मोबाइलमधून पाठवायची सोय झाली आणि ती वणव्यासारखी पसरली. कुटुंबाच्या ग्रुपवर काका एक रक्कम टाकतात, ॲप ती पाच-सात जणांत कमी-जास्त वाटतं, ज्याचं बोट आधी पडेल त्याला मिळेल. यंत्र आलं की रीत मरते, असं आपण सहज म्हणून जातो. इथे रीत यंत्रात शिरली. लांब राहणाऱ्या आजीलाही आता आदल्या रात्री त्याच क्षणी नातवाच्या हातावर काहीतरी ठेवता येतं.

वेगवान गाड्यांच्या देशात दोन युआनचं तिकीट

२०२४ अखेर चीनमध्ये ४८,००० किलोमीटर वेगवान रेल्वे होती. मग गरिबाचं काय? सिचुआनच्या दक्षिणेला ल्यांगशानचे डोंगर आहेत, तिथे यी समाजाची वस्ती. त्या डोंगरांतून ५६३३ क्रमांकाची एक गाडी पूशुंग ते पानचिहुआ अशी सुमारे साडेतीनशे किलोमीटर धावते. हिरवे डबे, गाव आलं की थांबणार. तिकीट दोन युआनपासून सुरू होतं आणि शेवटपर्यंत गेलं तरी पंचवीस-सव्वीस युआन. १९९५ पासून दर जवळपास तेच. एका डब्यातली बाकं काढून जागा मोकळी केली आहे, तिथे कोंबड्या, बकऱ्या, डुकरं आणि भाजीच्या करंड्या राहतात. बायका नक्षीदार पोशाखात बाजाराला निघतात, पोरं दप्तर घेऊन वसतिगृहाच्या शाळेत जातात.

त्याच खोऱ्यातून २०२२ पासून नवा जलद मार्गही झाला. हळू गाडी तरीही चालू ठेवली. अशा जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांच्या सुमारे ८० जोड्या देशभर तोट्यात चालवल्या जातात. आधुनिक होणं म्हणजे जुनी गाडी मोडीत काढणं, असं समीकरण मांडायचंच असेल तर या गाडीपाशी थोडं थांबावं. ती बंद झाली असती तर कोंबडी घेऊन बाजाराला जाणारी बाई जलद गाडीत बसली नसती, ती घरी बसली असती. तिच्याबरोबर तो आठवडी बाजारही बसला असता.

‘पण ही निव्वळ अंधश्रद्धाच नाही का?’

चिनी सरकार इथे एक रेघ ओढतं. ‘लोकरीत’ चांगली, ‘अंधश्रद्धा’ वाईट. अडचण अशी की ही रेघ कुठे ओढायची, ते घरातल्या माणसाला ठरवता येत नाही.

लग्नाचंच पाहा. वसंताच्या आरंभाची खूण ४ फेब्रुवारीच्या आसपास असते. चांद्रवर्ष कधी ३५४ दिवसांचं, कधी अधिक महिन्यामुळे ३८४ दिवसांचं. त्यामुळे एखाद्या वर्षात ही खूण दोनदा येते आणि शेजारच्या वर्षात येतच नाही. जे वर्ष वसंताशिवाय जातं त्याला लोक ‘विधवेचं वर्ष’ म्हणतात आणि लग्न टाळतात. १० फेब्रुवारी २०२४ ला सुरू झालेलं ड्रॅगनचं वर्ष असंच होतं. २०२३ मध्ये चीनमध्ये ७६.८ लाख लग्नांची नोंद झाली होती, २०२४ मध्ये ती ६१ लाखांवर आली. ही घसरण सगळी पंचांगामुळे झाली असं कुणी म्हणू नये. तरुणांची संख्या घटते आहे, घरं महाग आहेत, आणि कोविडमुळे लांबलेली लग्नं २०२३ मध्ये उरकली गेली होती. पण पंचांगाचा हात त्यात काहीच नव्हता असंही म्हणवत नाही. हे वर्ष वाईट ही समजूत खोटी आहे, आणि ती टिकावी असं मला वाटत नाही.

पण त्याच पंचांगात अधिक महिन्याची दुसरी बाजूही आहे. आपल्याकडे धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावून तेहतीस अनारसे देतात. फुजियानमध्ये अधिक महिन्यात लग्न झालेली मुलगी आई-वडिलांकडे डुकराचे पाय आणि लांब शेवया घेऊन जाते, त्यांना दीर्घायुष्य लाभावं म्हणून. तिकडे मान आई-बापांचा. ही रीत गेली तर कुणाचं भलं होणार आहे?

आणि एक प्रसंग. खेड्यातली बरीच वृद्ध मंडळी हयातीतच आपली शवपेटी करून घेतात. चांगलं लाकूड, वर्षानुवर्षं साठवलेले पैसे. ती घरात एका बाजूला ठेवलेली असते. त्यात अभद्र काही नसतं, उलट मुलांवर भार पडणार नाही याचा निश्चिंतपणा असतो. २०१८ मध्ये जियांगशी प्रांतात दहन सक्तीचं करताना अधिकाऱ्यांनी अशा पेट्या घरांतून उचलून नेल्या आणि यंत्राने फोडल्या. आपल्याच पेटीत आडव्या होऊन ती नेऊ देत नसलेल्या म्हाताऱ्यांची दृश्यं देशभर पसरली. सरकारी वृत्तपत्रांनीसुद्धा या आडदांडपणावर टीका केली. जमीन वाचवायला दहन बरं, हा मुद्दा चुकीचा नाही. पण आयुष्यभराची पुंजी अशी अंगणात फोडायची नसते.

फटाक्यांचं प्रकरण थोडं सौम्य. बीजिंगने १९९३ मध्ये बंदी घातली, २००५ मध्ये सैल केली, २०२२ मध्ये पूर्ण शहरात पुन्हा लागू केली. २०२३ अखेर संसदेच्या कायदेविषयक समितीने सांगितलं की सरसकट बंदी देशाच्या कायद्याशी जुळत नाही. धूर आणि आनंद यांचा तंटा आपल्यालाही नवा नाही.

‘मग सरकारचा पाठिंबा सगळ्यांनाच आहे का?’

नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. वर लिहिलं ते मुख्यतः हान समाजाबद्दल, जो लोकसंख्येच्या ९० टक्क्यांहून अधिक आहे. चीन ५६ समाज मान्य करतो. यी समाजाच्या गाडीला पैसे मिळतात, तेव्हाच शिंज्यांगमधल्या उइगुर मुसलमानांसाठी २०१७ च्या नियमाने लांब दाढी आणि बुरखा हे ‘अतिरेकाचं लक्षण’ ठरलं. नाचगाण्यापुरती परंपरा मंचावर चालते. जी श्रद्धेतून येते आणि सरकारच्या हातात राहत नाही, तिला जागा मिळेलच असं नाही.

पितर, कागद आणि सोलापूरचा डॉक्टर

४ किंवा ५ एप्रिलला ‘छिंगमिंग’ येतो. सूर्याच्या २४ भागांपैकी हा एक, म्हणून त्याची तारीख मकरसंक्रांतीसारखी जवळपास पक्की. या दिवशी कबरींवरचं गवत काढतात, फळं ठेवतात, धूप लावतात आणि कागदी पैसे जाळतात. पलीकडे आजोबांना खर्चायला मिळावेत म्हणून. आता कागदाची घरं, मोटारी, मोबाइलही मिळतात. डोंगरात वणवा लागतो म्हणून बऱ्याच शहरांत जाळण्यावर निर्बंध आहेत आणि फुलं वाहायला सांगतात. ज्यांना जाणं जमत नाही ते संकेतस्थळावर दिवा लावतात. पिंडाला कावळा शिवेपर्यंत ज्यांचा जीव खालीवर होतो, त्यांना या कागदी मोबाइलचं हसू येणार नाही.

याच दिवसांत हपै प्रांतातल्या एका मराठी माणसाच्या समाधीवरही फुलं वाहिली जातात. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, सोलापूरचे. जपानविरुद्धच्या युद्धात जखमींवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते तिथेच वारले. ज्या रीतीने चिनी माणूस आजोबांना आठवतो, त्याच रीतीने तो त्यांनाही आठवतो.

‘तरुणांना हे नको असेल तर?’

हा आक्षेप सगळ्यात खरा. १९८० पासून २०१५ पर्यंत चीनमध्ये एका मुलाचं धोरण होतं. शहरातल्या कित्येक जोडप्यांत नवराही एकुलता एक आणि बायकोही. मग आदल्या रात्री जेवायचं कुणाच्या घरी? जुन्या रीतीने नवऱ्याच्या. पण मुलीचे आई-बाप त्या रात्री दोघंच टेबलाशी बसतील, त्याचं काय? दरवर्षी या प्रश्नावर घरोघरी बोलणी होतात. कुणी एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे असं ठरवतं. कुणी दोन्ही आई-बापांना आपल्याच शहरातल्या घरी बोलावतं. याला ‘उलटं छुन-युन’ म्हणतात. गर्दीच्या विरुद्ध दिशेने जाणाऱ्या गाड्यांत तिकीट स्वस्त मिळतं आणि म्हातारी जोडपी पोरांकडे निघतात.

काही तरुण मुळात नातेवाइकांकडे जायलाच तयार नाहीत. पगार किती, लग्न कधी, मूल कधी, या प्रश्नांना ते कंटाळले आहेत. त्यांचा कंटाळा मला समजतो. पण त्याच वयाची मुलं गेल्या काही वर्षांत बीजिंगच्या लामा मंदिरात धूप लावायला रांगा लावताना दिसतात, नोकरी मिळू दे म्हणून. ती रीतीवर रागावलेली नाहीत, जाब विचारणाऱ्या मामा-मावशांवर रागावलेली आहेत.

खरा धोका वेगळाच वाटतो. एकुलत्या एक आई-बापांच्या मुलाला काका नाही, मावशी नाही, चुलत भाऊ नाही. दुसऱ्या दिवशी माहेरी जायचं, पण तिथे भाऊच नाही. नात्यांची नावं भाषेत उरतात, ती लावायला माणूस उरत नाही. ना सरकारी सुट्टी, ना युनेस्कोची यादी, ती जागा भरून काढू शकत नाही.

तरी सुट्टी संपते त्या दिवशीचं एक दृश्य चीनमधले लोक दरवर्षी आपल्या मोबाइलवर टाकतात. मघाशी म्हटलं ना, ९०० कोटींतले बहुतेक प्रवास मोटारीने होतात. त्या मोटारींच्या डिकीचे फोटो. आईने पहाटे उठून भरलेली डिकी: धुराने सुकवलेलं डुकराचं मांस, अंडी फुटू नयेत म्हणून तांदळात किंवा भुशात खोचलेली, पिंपातलं घरचं तेल, रताळी, कोबी, बरणीत लोणचं. शहरात हे सगळं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं आणि अर्ध्या तासात दारातही येतं, हे तिला ठाऊक असतं. डिकी लागत नाही म्हणून बाप एक पोतं काढतो आणि मागच्या सीटवर, मुलाच्या पायांपाशी ठेवतो.